अंजनीवहिनींचा डास

"डास? वहिनी, लोक तासभर लाईनीत उभे राहून डास बघणार?"

"का नाही बघणार? वाघ बघतात ना?"

"वाघ तो वाघ असतो!"

"आणि डास काय कोथिंबीर असते?"

धर्मराजभाऊंनी कपाळाला हात लावला. उल्हासनगर कॅम्प पाचमधलं त्यांचं हार्डवेअरचं दुकान आणि गल्लीचं गणपती मंडळ, दोन्हीकडे शेवटचा शब्द त्यांचाच. आज मात्र मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये अंजनी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती आणि भाऊंच्या प्रत्येक शेवटच्या शब्दावर तिचा आणखी एक शब्द येऊन बसत होता.

"बॅनर छापून आलाय, वहिनी! 'जगातले सर्वात खतरनाक प्राणी.' वाघ आहे, पाणघोडा आहे, शार्क आहे, नाग आहे, मगर आहे. माणूस गुहेत शिरणार, घाबरत घाबरत पुढे सरकणार, आणि बाप्पाच्या अगदी आधी, क्लायमॅक्सला, तुम्ही म्हणता डास! हसून हसून बाप्पाच्या पायाशी लोळेल तो."

"सगळ्यात जास्त माणसं कोण मारतं? बघा मोबाईलवर. वाघ राहिला बाजूला, शार्क तर रांगेतसुद्धा नाही."

"मोबाईलवर बघून देखावा होत नाही. देखाव्याला दात लागतात. तुमच्या डासाला दात आहेत?"

"सोंड आहे."

"सोंड बाप्पाला आहे! एका मंडपात दोन सोंडा चालणार नाहीत, आत्ताच सांगतो."

कोपऱ्यात देखाव्याच्या कॉमेंट्रीचे कागद घेऊन बसलेली राजसी, भाऊंची कॉलेजात जाणारी मुलगी, फस्सकन हसली. अंजनीलाही हसू आलं होतं, पण तिने ते दातांखाली दाबून धरलं.

भाऊंना वाटलं, जिंकलो. ते मऊ झाले. "राग मानू नका वहिनी. उलट तुम्हाला तर सांगायला नको. तुमच्या सख्ख्या भावाला नागच डसला ना? मग नाग ठेवू क्लायमॅक्सला. कैलासच्या नावाने. फणा एवढा मोठा करू की..."

"माझ्या भावाला नाग नाही डसला."

"अहो, सगळे तर म्हणतात..."

"सगळे म्हणतात," अंजनी म्हणाली. "डेंग्यू झाला होता त्याला."



*

अंजनी मूळची बदलापूरजवळच्या चामटोलीची. लग्न करून आली उल्हासनगरात. नवरा बबन अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला, आणि ही कॅम्प पाचमधल्या एका कारखान्यात जीन्स शिवायला. दिवसभर मशीनवर निळ्या पँटी. मांड्या जोड, चेन बसव, पट्टा लाव. पहिल्या वर्षी ती गणपतीत गंमत म्हणून जीन्सच्या एका पायाचा उंदीर शिवून घेऊन आली. मागच्या खिशांचे कान, चेनीचं तोंड. उंदराचं तोंड उघडझाप करता येतं म्हटल्यावर पोरांनी बाप्पाला सोडून उंदरालाच गराडा घातला. तेव्हापासून मंडळाची जनावरं तिची. कारखान्याचे सिंधी शेठ स्वतः कतरणीची गोणी बाजूला काढून ठेवायचे. "साईं, ये ले जा अंजनी. इस साल क्या बनाएगी? हाथी बनाएगी तो बोल, पूरा थान दे दूँगा!"

तिचा भाऊ कैलास मात्र जन्माचा खऱ्या जनावरांतला. चामटोलीत घराच्या मागे नांगरटीत साप निघाला की बायका किंचाळायच्या आणि हा पळत सुटायचा, सापाच्या दिशेने. पुढे बदलापुरात टॉवर उभे राहिले, सापांच्या बिळांवर पार्किंग झालं, आणि कैलासचा फोन थांबेना. कोणाच्या स्कूटीच्या डिकीत घोणस, कोणाच्या वॉशिंग मशीनखाली नाग. काठी, पिशवी, बाईक, निघाला.

"कैलाश्या, कधीतरी डसेल रे तुला," अंजनी फोनवर ओरडायची.

"ताई, साप म्हणजे लय सज्जन जनावर. आधी फुस्स करून सांगतो, बाबा, लांब हो. तुझा नवरा सांगतो का असं?"

"माझ्या नवऱ्याला मधे आणू नको."

"बघ, फुस्स केलंस ना! म्हणून तू मला आवडतेस."

असा माणूस. सापांना 'चला बाई, पोचवतो तुम्हाला' म्हणत जंगलात सोडून येणारा. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याला ताप आला. "उतरेल गं," म्हणाला. गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी एक धामण पकडून आला. मग ताप खरंच उतरला, सगळे निश्चिंत झाले, आणि तेव्हाच तो आतून ढासळला. दवाखान्यात नेईपर्यंत हिरड्यांतून रक्त येत होतं. गेला.

आणि मग ती गोष्ट झाली जी अंजनीच्या मनातून जाईना. भेटायला येणारा प्रत्येक माणूस ओट्यावर टेकायचा, उसासा सोडायचा आणि विचारायचा, "कोणता होता? नाग?" 'डास' म्हटलं की तोंडं अशी व्हायची जणू कैलासने काहीतरी कमी केलं. वाघासारखा पोरगा आणि मेला कशाने, तर डासाने? लोकांना पटेना, शोभेना. शेवटी तिचे वडील, बाळाजीबाबा, थकले. एका पाव्हण्याला म्हणाले, "व्हय, नागच व्हता. काळा." पाव्हण्याने मान डोलावली. गोष्ट जागेवर बसली. त्या दिवसापासून कैलासला नाग डसला.

अंजनीला बाकी काही नको होतं. आपल्या भावाला ज्याने मारलं, त्याला लोकांनी एकदा नीट घाबरावं, एवढंच.

*

तह झाला. क्लायमॅक्स मगरीला. डासाला जागा मिळाली बाहेर पडायच्या दारावर, चपलांच्या स्टँडच्या वर.

"तेवढी तरी जागा दिलीत," अंजनी म्हणाली.

"चपला हातात असताना डास दिसला तर बरंच आहे," भाऊ म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन तळ्याच्या कामाला लागले.

तळं म्हणजे त्या वर्षीची त्यांची शान. विटांचा कठडा, आत ताडपत्री, आणि त्यात खरंखुरं पाणी, टँकरचं! कॅम्प पाचमध्ये खरं पाणी देखाव्याला वापरणं म्हणजे दुसरीकडे सोन्याचा मुलामा देण्यासारखं. इथे नळ येतो तेव्हा येतो, आणि आला की घराघरातली पिंपं, हंडे, टाक्या एकाच आवाजात भरायला लागतात. पिंप कधी रिकामं करायचं नसतं, त्यात वरून भर घालायची असते. पिंपाचा तळ दिसणं म्हणजे घराची अब्रू दिसणं. धर्मराजभाऊंच्या गच्चीवर तर पिंपांची अख्खी पलटण उभी. ते अभिमानाने सांगायचे, "आमच्या पिंपाचा तळ राजसीच्या बारशानंतर कोणी पाहिला नाही!" बोअरिंग बंद पडली, पाइप फुटला, की अर्धी गल्ली बादल्या घेऊन त्यांच्याच जिन्यात.

चतुर्थीच्या आधीच तळं भरलं. रोज सकाळी पातळी थोडी उतरायची, आणि रोज सकाळी कामावर जाताना अंजनी स्वतःच्या घरून एक हंडा आणून त्यात ओतायची. मगर तिची होती. मगरीला कोरडं कसं ठेवणार?

आणि मगर होतीच तशी! पाठीवर जीन्सचे खिसेच खिसे, खवल्यांसारखे. जबडा गाडीच्या वायपरच्या मोटरवर चालायचा. गुहेत शिरलं की आधी वाघ डरकाळी फोडायचा, मग पाणघोडा जांभई द्यायचा, शार्क वरून झुलत यायचा, नागाचा निळा फणा सर्रकन वर उठायचा, आणि शेवटी अंधारात पाणी चकाकायचं, राजसीचा आवाज घुमायचा, "सावधान! ही शांतता फसवी आहे..." आणि खाडकन जबडा! बाया किंचाळायच्या, पोरं बापाच्या मानेवर चढायची, भाऊ मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे.

मग सगळे हसत बाप्पाला हात जोडून बाहेर पडायचे. बाहेर डास.

अंजनीने त्याच्यावर जीव ओतला होता. छत्रीच्या काड्यांचे पाय. जीन्स पॅक करायच्या पारदर्शक पिशव्यांचे पंख. पडद्याच्या दांड्याची सोंड. आणि डोळे... डोळ्यांसाठी तिने कारखान्यातली टाकाऊ बटणं गोळा केली होती, पितळी, तांब्याची, काळी पडलेली, आणि एकेक करून ती दोन मोठ्या गोळ्यांवर टाचली होती. दिव्यात ते डोळे हजार ठिकाणी बघायचे. रोज रात्री बबन म्हणायचा, "अगं झोप आता, ते माझ्याकडे बघतंय."

लोकांचं काय? लोक चपला शोधत होते.

"आई, हा नाकतोडा आहे का?"

"नाही रे, हेलिकॉप्टर वाटतंय."

एका काकांनी तर सोंडेला छत्री अडकवली आणि बुटाची लेस बांधली.

अंजनी रोज संध्याकाळी स्टँडपाशी उभी राहायची. एखादा तरी थबकेल. एखादी तरी म्हणेल, बाई गं! राजसी जवळ येऊन म्हणायची, "काकू, मी कॉमेंट्रीत टाकते ना थोडं डासाचं. चावणारी फक्त मादी असते, असलं काहीतरी भारी..." 

"नको. तुझे बाबा म्हणतील, म्हणजे बाईच." 

दोघी हसायच्या. पण अंजनीचं हसू लवकर संपायचं.

*

गौरी गेल्या त्या संध्याकाळी गर्दी उसळली. अंबरनाथहून, विठ्ठलवाडीहून लोक आलेले. लाईन गल्लीच्या टोकाला वळून पुढच्या गल्लीत शिरलेली. आणि अशा ऐन मोक्याला मगरीचा जबडा अडकला. अर्धा उघडा. दात काढून हसतेय असं वाटत होतं.

"वहिनी! वहिनी कुठायत? क्लायमॅक्स अडकला!" भाऊ ओरडत आले.

अंजनी साडी खोचून कठड्यावर वाकली. मोबाईलचा टॉर्च लावून पाण्यात हात घातला. जबडा ओढणाऱ्या चेनमध्ये निर्माल्यातली दूर्वा गुंडाळली होती. ती ओढून काढली, जबडा खाडकन मिटला, लाईनीतून शिट्ट्या आल्या. अंजनी उठणार, तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात तिच्या मनगटाजवळ काहीतरी हललं.

ती खाली वाकली. अजून खाली.

पाण्यात बारीक बारीक काळसर धागे. धागे नव्हेत. वळवळत होते. उजेड पडताच एकदम खाली बुडी मारत होते, झटका देऊन वाकडे होत, सरळ होत, पुन्हा वर येऊन शेपटीवर उलटे लटकत होते. एक नव्हे, दोन नव्हेत. जिथे टॉर्च न्यावा तिथे. तळ्याच्या काठाने सगळीकडे, मगरीच्या खिशांमध्ये, दूर्वांच्या मुळाशी. शेकड्यांनी.

रोजचा तिचा हंडा. तिच्याच हाताने, रोज सकाळी, बाळाला दूध पाजावं तसं. जगातला सर्वात खतरनाक प्राणी चपलांच्या स्टँडवर टांगून ठेवला आणि इकडे त्याचीच पिल्लं पाळली! 

आणि मग, देवाशपथ, तिला हसू फुटलं. कैलास असता तर काय म्हणाला असता? ताई, फुस्ससुद्धा केलं नाही बघ ह्यांनी!

"भाऊ," ती म्हणाली, "क्लायमॅक्स सापडला."

धर्मराजभाऊंनी वाकून पाहिलं. चेहरा उतरला. लगेच इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "गप्प, गप्प! कोणाला बोलू नका. पालिकेवाले आले तर मंडळाची इज्जत जाईल. विसर्जनानंतर बघू."

"विसर्जनापर्यंत ह्यांना पंख फुटतील."

"मग रात्री गुपचूप औषध टाकू! आत्ता लाईन बघा वहिनी, लाईन!"

"लाईनच बघतेय."

ती उठली. प्रसादाच्या टेबलावरचा पेढ्यांचा पारदर्शक चौकोनी डबा उचलला, उरलेले दोन पेढे राजसीच्या हातावर ठेवले. "खा आणि माईक घे." डबा तळ्यात बुडवून भरला. गौरीच्या आराशीची पांढरी चादर बाजूला पडली होती, ती गुहेच्या तोंडाशी बांबूला बांधली. 

"काकू, काय करताय?"

"कॉलेजात नाटक करतेस ना तू? कर आता."

"पण स्क्रिप्ट?"

"ते पाण्यात आहे."

गुहेतले दिवे विझले. लाईनीत कुजबुज झाली. अंजनीने डबा चादरीसमोर धरला आणि त्याच्या मागून टॉर्च लावला.

चादरीवर राक्षस उभे राहिले.

हाताएवढ्या सावल्या. केसाळ, डोकं जाड, अंगाला गाठी. तडफडत वाकत होत्या, झटक्याने पुढून मागे जात होत्या, एकमेकींच्या अंगावरून सरपटत होत्या. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली, आणि ती किंचाळी लाईनीतून मागे मागे पळत गेली, वळणावरून पुढच्या गल्लीत. वाघाला मिळाली नव्हती अशी किंचाळी!

"सावधान," राजसीचा आवाज कापत होता, पण नाटकाने नव्हे. "हा देखावा नाही. हे प्राणी... खरे आहेत. जिवंत आहेत. आत्ता, ह्या मंडपात, ह्या तळ्यात आहेत."

"कोणते आहेत? जळवा आहेत का?" कोणीतरी ओरडलं.

"विंचू आहेत! पाण्यातले!"

राजसीने अंजनीकडे पाहिलं आणि माईक पुढे केला. अंजनीने आयुष्यात माईक धरला नव्हता. तो इतका जवळ धरला की पहिला शब्द नुसता खरखरला.

"डास आहेत," ती म्हणाली. "डासाची पिल्लं. मीच वाढवली. रोज पाणी घातलं." ती थांबली. "माझा भाऊ होता, कैलास. चामटोलीचा. तुमच्यातल्या कोणाकोणाच्या घरचा साप त्याने धरला असेल. त्याला सापाने नाही मारलं. सगळे म्हणतात नाग, नाग नव्हता. ह्याने मारलं त्याला. हा जो बाहेरच्या दारावर टांगलाय, ज्याला तुम्ही छत्र्या लावताय ना, त्याने."

सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. टॉर्चचा उजेड तिकडे गेला आणि हजार बटणांचे डोळे चकाकले. सोंडेला छत्री लावलेले काका मागच्या मागे सरकले आणि कोणाच्या तरी पायावर पडले.

"पण इथलं पाणी तर स्वच्छ आहे!" एक मुलगी म्हणाली.

"ह्याला स्वच्छच लागतं, बाई. स्वच्छ आणि साठवलेलं. न हलवलेलं."

स्वच्छ आणि साठवलेलं. ते शब्द लाईनीतून फिरले आणि जिथे जिथे पोचले तिथे एकेक चेहरा विचारात पडला. मग एक आजी लाईनीतून बाहेर पडली. "जाते बाई. मोरीतलं पिंप बघते." तिच्या मागे सून. मग दोन बायका. मग एक माणूस खांद्यावरच्या पोरासकट. लाईन, जी संध्याकाळपासून फक्त पुढेच सरकत होती, ती उलटी वाहायला लागली. दर्शन न घेता! कॅम्प पाचच्या इतिहासात पहिल्यांदा माणसं बाप्पाला 'येतो रे' म्हणून पिंपांकडे धावली. जिन्यांमधून झाकणांचे खणखणाट ऐकू यायला लागले. कुठूनतरी वरच्या मजल्यावरून आवाज आला, "अय्याई गं! आपल्याकडं पण हैत!" आणि त्यावर समोरच्या गच्चीवरून, "गटारात नको, रस्त्यावर ओता, सुकू दे!" अंजनीने ओरडून सांगितलं नव्हतं हे. ते आपोआप सुचलं होतं गल्लीला.

कार्यकर्त्यांनी ताडपत्रीचं एक टोक उचललं. कठड्यावरून तळं रस्त्यावर सांडलं, दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या डांबरावर पसरलं. मगर मधोमध आडवी पडली, तोंड उघडं, खिसे ओले.

*

मंडपात उरले तिघंच. अंजनी, राजसी आणि भाऊ. भाऊ रागाने लाल.

"लोकांनी दर्शन घेतलं नाही, वहिनी! सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. मंडळाचं तळं, मंडळाचे डास, आणि माईकवरून जाहिरात!"

"किंचाळले की नाही?"

"किंचाळले, पण..."

"वाघापेक्षा जास्त?"

"वहिनी, तो प्रश्नच नाहीये!"

"मग कोणता प्रश्न आहे? क्लायमॅक्स पाहिजे होता, दिला."

"बाबा," राजसी हळूच म्हणाली, "खरंच भारी झालं."

"तू गप! पेढे खाऊन फितूर झालीस." भाऊंनी घाम पुसला. "मंडळाचं म्हणाल तर ठीक आहे, ते तळं नवं होतं, उघडं होतं. आमच्या घरी असलं काही नाही. आमची सगळी पिंपं झाकलेली असतात. घट्ट."

"हो? मग अर्धी गल्ली त्यातून पाणी नेते तेव्हा झाकण कोण लावतं?"

भाऊ आपल्या गच्चीकडे बघायला लागले.

"आणि भाऊ," अंजनीचा आवाज एकदम शांत झाला, बहिणीचा झाला, "राजसीच्या बारशापासून ज्या पिंपाचा तळ कोणी पाहिला नाही... त्यात आत्ता काय असेल?"

भाऊंनी लेकीकडे पाहिलं. तिच्या दंडावर डास चावल्याची लाल गांधी उठली होती, राजसी ती नकळत खाजवत होती. भाऊ तिच्या दंडाकडे बघत राहिले. मग चपलांच्या स्टँडवरच्या त्या हजार डोळ्यांकडे.

अंजनीच्या हातातला टॉर्च लावलेला मोबाईल त्यांनी काढून घेतला, चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी, झपाझप, आपल्या घराच्या गच्चीच्या जिन्याकडे निघून गेले.